मधल्या सुट्टीतले मत आणि आठ संगणक

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एका लहान संस्थेत हिशेब आणि पत्रव्यवहार पाहणाऱ्या एक वाचक नाव न छापण्याच्या अटीवर लिहितात की, गेली तीन वर्षे त्या घरच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरतात, तंत्रज्ञानाच्या बातम्या रोज वाचतात आणि मधल्या सुट्टीत त्यांवर हिरिरीने बोलतात. ‘विंडोज म्हणजे विकतचे दुखणे’ हे त्यांचे वाक्य कार्यालयात सर्वांना पाठ झाले आहे. संस्थेतले आठही संगणक विंडोज १० वर चालतात आणि त्यांतले बहुतेक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ‘तुम्हीच नेहमी बोलता, तेव्हा लिनक्सवर जायचे की नाही ते महिनाभरात सांगा,’ असे संचालकांनी सांगितल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण, म्हणजे लिनक्सवरच्या एका साधनात सापडलेला चोरदरवाजा, आठवले की लिनक्स असुरक्षित वाटते; जुलै २०२४ मध्ये जगभरचे विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते ते आठवले की नेमके उलट वाटते. ‘माझी मते माझी होती की मथळ्यांची, हेच कळेनासे झाले आहे. मी माघार घ्यावी की शब्दाला जागावे? आणि कोणत्या बातमीवर विश्वास ठेवावा?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार,

‘माघार घ्यावी की शब्दाला जागावे’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. या दोन्ही वाटांत प्रश्न तुमच्या इभ्रतीचा आहे, संगणकांचा नाही. संचालकांनी मात्र तुमच्या मतांची परीक्षा घेण्यासाठी हे काम तुमच्याकडे दिलेले दिसत नाही. त्यांची अडचण साधी आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, तुमची बहुतेक यंत्रे त्यात बसत नाहीत, आणि या विषयावर तोंड उघडणारी एकच व्यक्ती त्यांच्या कार्यालयात आहे. त्यांनी तुम्हालाच विचारले, यात नवल ते काय?

गप्पांत मांडलेल्या मतांबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. हा विषयच असा आहे की त्यात सर्वांनाच मते असतात आणि ती बहुधा चुकतात. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची माहिती दिली, तेव्हा हा केवळ छंद आहे आणि यातून फार मोठे काही होणार नाही, असे लिहिले होते. आज कोट्यवधी अँड्रॉइड फोनांच्या पोटात त्याच सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, आहे आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. ही माहिती मधल्या सुट्टीत तुम्हीही सांगितली असेल. मीही पुष्कळदा सांगितली आहे. तुमच्या निर्णयाला मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण महासंगणकाला कोणी प्रिंटर जोडत नाही.

गप्पांतले मत चुकले तर दुसऱ्या दिवशी बदलता येते आणि त्याचा भुर्दंड कोणालाच पडत नाही. कार्यालयातला निर्णय चुकला तर महिनाअखेरीस काम अडते, आणि ज्याने मत दिले त्याचे नव्हे तर भलत्याचेच अडते. तुमची झोप उडाली ती बहुधा हा फरक जाणवल्यामुळे, आणि ते चांगले लक्षण आहे.

आता तुम्हाला छळणाऱ्या दोन बातम्यांकडे वळतो. त्या एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देतात, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे दिसत नाही.

एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारे एक छोटेसे साधन आहे आणि त्याची देखभाल अनेक वर्षे जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात करत होता. त्याच्या मदतीला कोणीतरी टोपणनावाने आले, दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे चांगले काम करत राहिले, विश्वास कमावला आणि शेवटी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड त्या सुमारास वेगळ्याच कामासाठी वेळ मोजत बसले होते. एसएसएच या साधनाने दुसऱ्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसर विनाकारण राबतो, एवढेच त्यांना खटकले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी चोरदरवाजा जगजाहीर केला. हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत आहेत, ही गोष्ट मात्र मधल्या सुट्टीसाठी जरूर राखून ठेवा.

या प्रकरणावरून मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो असे सॉफ्टवेअर, असुरक्षित ठरते की सुरक्षित? दोन्ही बाजूंचे लोक हे एकच प्रकरण आपापल्या बाजूने सांगतात आणि दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. कोड उघडा होता म्हणून एका बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आले, हे खरे. पण चोरदरवाजा जागा करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हताच; तो प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात गुपचूप घातला होता, हेही खरे. पुष्कळ डोळे पाहत असतात म्हणून चूक लपून राहत नाही, हे या क्षेत्रातले लाडके वाक्य मीही वापरले आहे. परंतु इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी मार्च २०१२ च्या आवृत्तीतून बाहेर पडली आणि एप्रिल २०१४ पर्यंत उघडकीस आली नाही. कोड उघडा असणे म्हणजे पाहण्याची मुभा असणे. पाहणारा माणूस कोणीतरी नेमावा लागतो, किंवा तो नशिबाने मिळावा लागतो.

तुमच्या आठ संगणकांपुरता या प्रकरणाचा अर्थ याहून बराच लहान आहे. त्या दोन आवृत्त्या प्रामुख्याने डिस्ट्रोंच्या (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचांच्या) चाचणीतल्या किंवा सतत बदलत राहणाऱ्या शाखांत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत किंवा उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत त्या गेल्या नव्हत्या. म्हणजे यातून ‘लिनक्स नको’ असे निघत नाही, तर ‘कार्यालयात नवे ते हवे असा हव्यास नको’ असे निघते. घरच्या लॅपटॉपवर तुम्ही दर आठवड्याला काय बसवता, तो तुमचा आनंद आहे. कार्यालयात मात्र कंटाळवाणी, जुनी आणि स्थिर आवृत्तीच शोभते.

जुलै २०२४ ची घटना तर विंडोजविषयी फारच थोडे सांगते. १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट पाठवले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ते सॉफ्टवेअर कर्नलच्या पातळीवर, म्हणजे सिस्टीमच्या अगदी गाभ्यात काम करते, आणि गाभ्यात शिरलेला परका प्रोग्राम बिघडला की सोबत सिस्टीमलाही पाडतो. लिनक्सच्या गाभ्यात असा पाहुणा घेतला तर तिथेही हेच होऊ शकते. विमानतळ आणि बँका अशा मोठ्या संस्था हे सॉफ्टवेअर वापरतात. तुमच्या आठ संगणकांवर ते असण्याची शक्यता कमी आहे. तेव्हा ज्या दोन बातम्यांनी तुमची झोप उडवली, त्यांतली एक तुमच्या कार्यालयाशी जवळजवळ संबंधित नाही आणि दुसरी फक्त आवृत्ती निवडण्यापुरती संबंधित आहे.

अशी आणखी एक बातमी सांगतो, कारण ती पुढे तुम्हाला आडवी येणारच. लिनक्स कर्नलमधल्या नोंदवलेल्या सुरक्षा त्रुटींचा आकडा २०२४ पासून एकदम फुगला. तक्ता पाहणाऱ्याला वाटावे की कर्नल अचानक सडला. झाले असे की, फेब्रुवारी २०२४ पासून त्रुटींना सीव्हीई, म्हणजे सुरक्षा त्रुटींचे नोंदणी क्रमांक, देण्याचे काम कर्नलच्या चमूने स्वतःकडे घेतले. त्यांची भूमिका अशी की, कर्नलमधली कोणती साधी चूक उद्या हल्ल्यासाठी वापरली जाईल हे आज सांगता येत नाही, म्हणून शंका येईल अशा प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यावा. वाढला तो मोजण्याचा उत्साह. पण ‘मोजण्याची रीत बदलली’ असा मथळा कोण वाचणार?

तेव्हा कोणत्या बातमीवर विश्वास ठेवावा, या प्रश्नाऐवजी बातमीला काय विचारावे ते मी सुचवतो. मथळ्यात ‘लिनक्स’ असेल तर ते कर्नलविषयी आहे, त्यावर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामविषयी आहे की एका विशिष्ट डिस्ट्रोविषयी आहे, ते आधी शोधावे. मग आवृत्तीचा क्रमांक पाहावा आणि तो आपल्या यंत्रावर आहे का ते तपासावे. क्रमांकच दिलेला नसेल तर ती बातमी नव्हे, कोणाचे तरी मत आहे. शेवटी, आपण वापरतो त्या डिस्ट्रोचे सुरक्षा सूचनांचे पान उघडावे. तिथे दोन ओळींत लिहिलेले असते की दुरुस्ती आली आहे किंवा ही आवृत्ती बाधित नाही. तिथे ‘तातडीने अपडेट करा’ असे असेल तर त्याच दिवशी करावे. बाकीच्या बहुतेक बातम्या दोन दिवस थांबून वाचल्या तरी काही बिघडत नाही, उलट त्या निम्म्याने कमी होतात.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या प्रकरणाशी फार मिळतीजुळती आहे. काही वर्षांपूर्वी एका वयस्क नातेवाइकांच्या जुन्या संगणकावर मी मोठ्या उत्साहाने लिनक्स बसवून दिले. संगणक पूर्वीच्या निम्म्या वेळात सुरू होऊ लागला, इंटरनेट चालले, प्रिंटरमधून चाचणीचे पान खडखडत बाहेर आले आणि मी समाधानाने घरी गेलो. दोन महिन्यांनी सहज विचारपूस करताना कळले की, कागद स्कॅन करायचा असला की ते शेजाऱ्यांकडे जातात. त्या यंत्राचा छापणारा भाग लिनक्सवर चालत होता, स्कॅन करणारा भाग चालत नव्हता आणि त्या मॉडेलसाठी उत्पादकाने लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, दिलेलाच नव्हता. त्यांनी तक्रार का केली नाही, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘तुम्ही इतके सांगत होतात, म्हटले माझेच काहीतरी चुकत असेल.’ संगणकापेक्षा मला त्या ‘इतके सांगत होतात’चाच जास्त त्रास झाला. आवेशाने मत मांडणाऱ्या माणसाला लोक अडचण सांगत नाहीत. तुमचे ते ‘विकतचे दुखणे’ सर्वांना पाठ आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणून तुमचे सहकारीही तुम्हाला सांगणार नाहीत, असे गृहीत धरूनच कामाला लागा.

त्यासाठी पहिला आठवडा कोणतीही डिस्ट्रो न निवडता फक्त टेबलांपाशी घालवा. प्रत्येक सहकाऱ्याच्या शेजारी अर्धा तास खुर्ची टाकून बसा आणि लिनक्सचे नावही न काढता ते काय काय उघडतात ते वहीत टिपा. दिवसभर ब्राउझर आणि पत्रे टंकणारा माणूस कोणत्याही सिस्टीमवर सुखाने राहील. पण एखाद्याच्या एक्सेल फाइलमध्ये वर्षानुवर्षे रचलेले मॅक्रो, म्हणजे एका बटणावर चालणाऱ्या सूचना, असतील आणि ते बटण दाबल्यावर काय होते हे त्यांचे त्यांनाही नीट ठाऊक नसेल. लिबरऑफिस हा मोफत पर्याय ती फाइल उघडेल; ते बटण चालेलच असे नाही. हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी असेल. डिजिटल सहीची यूएसबी किल्ली असेल. हजेरीचे यंत्र कोणत्या संगणकाला जोडले आहे, हे तर अनेकदा ते यंत्र बंद पडल्यावरच कळते. तुम्ही स्वतः हिशेब पाहता, म्हणजे यातली सर्वांत अवघड खुर्ची बहुधा तुमचीच निघेल. घरच्या लॅपटॉपवर हिशेबाचे काम करत नसल्यामुळे इतकी वर्षे ते तुमच्या लक्षात आले नसावे.

मग कळेल की ‘आठही संगणक’ हा शब्दच चुकीचा होता. पाच संगणक लिनक्सवर, दोन विंडोजवर आणि एकाविषयी अजून ठरायचे आहे, हे अगदी प्रतिष्ठित उत्तर आहे. विंडोजवर राहणाऱ्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. संस्थांना ती विकत आणि जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. ती नको असेल तर त्या कामांपुरती विंडोज ११ चालणारी यंत्रे घ्यावीत. अपडेट बंद झालेला संगणक आहे तसा इंटरनेटवर चालू ठेवणे, हा एक पर्याय मात्र मी पर्याय मानत नाही, आणि संचालकांना तो सर्वांत सोयीचा वाटण्याचा धोका असल्यामुळे हे त्यांना आधीच सांगावे.

मोठ्या संस्थांचे अनुभवही वाचण्यासारखे आहेत, फक्त ते मथळ्यांपुरते वाचू नयेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. विंडोजवाले ठरावाचा दाखला देतात, लिनक्सवाले त्यामागच्या राजकारणाचा. मला त्याहून फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीस दलाची रीत अधिक शिकवून गेली. त्यांनी विंडोज तशीच ठेवून २००५ च्या सुमारास आधी ओपनऑफिस हा कार्यालयीन कामाचा मोफत संच आणला, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड आणले, आणि लोकांचे हात त्यांवर बसल्यानंतर २००८ पासून खालची सिस्टीम बदलून उबुंटू आणायला सुरुवात केली. रोजची खिडकी तीच राहिल्यामुळे खालचा पाया बदलणे तुलनेने सोपे गेले. तुम्हालाही आजच्या आज, काहीही पुसून न टाकता, विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स बसवून देता येतील. महिनाभरात कोण वैतागते आणि कशाने वैतागते ते समजेल, आणि नाहीच जमले तर परतीची वाटही खुली राहील.

डिस्ट्रो कोणती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचाराल. लिनक्स मिंट, उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती किंवा डेबियनची स्थिर आवृत्ती, यांतली कोणतीही चालेल. यावर लोक रात्र रात्र वाद घालतात आणि मीही घातला आहे, परंतु कार्यालयासाठी माझी कसोटी एकच असते: तुम्ही रजेवर असताना ज्याला फोन केला जाईल, तो माणूस जी डिस्ट्रो जाणतो ती घ्यावी. असा माणूसच नसेल, तर सर्व तांत्रिक मुद्दे बाजूला ठेवून संचालकांना आधी तेवढेच सांगावे.

निवडलेली डिस्ट्रो अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिची चेकसम (फाइल मूळचीच आहे ना ते दाखवणारी आकड्या-अक्षरांची खूण) जुळवून पाहावी. हा सोवळेपणा नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात हल्लेखोर शिरले होते आणि काही तास तिथला दुवा चोरदरवाजा घातलेल्या प्रतीकडे नेत होता. त्या फाइलचा पेन ड्राइव्ह बनवला की बहुतेक डिस्ट्रो काहीही न बसवता थेट त्यावरून चालवून पाहता येतात. प्रत्येक यंत्रावर, एकावर चालले म्हणून दुसरे गृहीत न धरता, वायफाय, आवाज, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जागे होणे आणि तुम्ही रोज ज्या लिपीत लिहिता तिचे टंकलेखन तपासावे. शेवटचे फार लोक विसरतात आणि पहिल्याच पत्राला अडतात. डिस्कला हात लावण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, आधी कागदावर उतरवून घ्यावी.

राहता राहिले संचालकांशी बोलणे. ‘मी चुकले’ असे म्हणण्याची गरज नाही आणि ‘मी सांगतच होते’ असेही म्हणू नये. टेबलांची वही त्यांच्यापुढे ठेवा, कोणती दोन यंत्रे आधी बदलून पाहायची ते सांगा आणि निर्णयासाठी एकऐवजी तीन महिने मागा. त्या दोघा सहकाऱ्यांना मात्र दर आठवड्याला तुम्ही स्वतः होऊन विचारा, आणि ‘चालले आहे ना?’ असे न विचारता ‘या आठवड्यात कशासाठी दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन बसावे लागले?’ असे विचारा.

आणि चाचणीच्या वेळी प्रिंटरमधून पान बाहेर आले की तेच पान काचेवर ठेवून एकदा स्कॅनही करून पाहा.